आयबू, बकस आणि खाला : मराठी कथेतल्या मुसलमान नावांची गोष्ट

कथेत 'विष्णुपंत' नावाचा माणूस आला की लेखकाला पुढचं फारसं सांगावं लागत नाही. वय, जात, काळ, ओसरीवरचा झोपाळा, सगळं त्या एका नावातून वाचकासमोर उभं राहतं. 'शेवंता' म्हटलं की गाव वेगळं, पिढी वेगळी. 'मुग्धा' म्हटलं की शहर, सदनिका आणि नोकरीला जाणारे आईवडील. आता 'सलीम' म्हणून बघा. काय कळतं? मुसलमान आहे, एवढंच. तो कोकणातला की मराठवाड्यातला, बागवानाच्या घरचा की इनामदाराच्या, सोळा वर्षांचा की साठ, घरी काय बोलतो, यातलं काहीही मराठी वाचकाला त्या नावातून ऐकू येत नाही.

हिंदू पात्राचं नाव कथेत दहा कामं करतं आणि मुसलमान पात्राचं नाव एकच काम करतं, धर्म सांगण्याचं. माझ्या मते मराठी कथेतल्या मुसलमान माणसाची अर्धी अडचण इथेच आहे. तो चांगला रंगवला की वाईट, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. तो मुळात *कुठला* रंगवला, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. दोन्ही भाषांतल्या कथा एकाच दिवशी, एकाच फळ्यावर शिकवताना हा फरक फार लवकर डोळ्यांत भरतो. म्हणून नावांचा हा इतिहास थोडा उलगडून बघू.

मंजुघोषेपासून यमूपर्यंत

मराठी कादंबरीलाही आपल्या माणसांची नावं एकदम सापडली नाहीत. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) विधवांच्या दुःखाची गोष्ट होती आणि नायिकेचं नाव घरातलं होतं. पण त्यानंतर आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची नावं बघा. १८६१ ची 'मुक्तामाला', १८६८ ची 'मंजुघोषा'. अशा नावाची मुलगी पुण्यात, पनवेलीत किंवा पैठणात कुणाच्या शेजारी राहत नव्हती. ही संस्कृत काव्यातून उतरलेली, दागिन्यांसारखी घडवलेली नावं होती. ती माणसं कुठल्याच गावची नव्हती, त्यामुळे त्यांची सुखदुःखंही कुठल्याच गावची नव्हती.

मग हरिभाऊ आपट्यांनी १८९० च्या सुमारास 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली आणि तिची कहाणी सांगणारी झाली यमू. यमुनाही नव्हे, यमू. आई हाक मारते तसं. नाव घरातलं झालं आणि त्याबरोबर कादंबरीही घरात आली. मराठी वास्तववादाचा इतिहास लिहिताना विद्वान मोठमोठी कारणं देतात. ती खरीच आहेत. पण मला वाटतं, मंजुघोषा ते यमू हा प्रवास नुसत्या नावांतूनही सांगता येईल.

मुसलमान पात्रं मात्र त्या काळात या घरात शिरली नाहीत. ती आली ऐतिहासिक कादंबरीच्या दिंडी दरवाजातून. १८७१ च्या 'मोचनगडा'पासून ही परंपरा सुरू झाली आणि पुढे खुद्द हरिभाऊंनी ती मोठी केली. तिथे मुसलमान म्हणजे खान, सरदार, सुभेदार, बेगम. बखरीतल्या आणि दरबारातल्या माणसांची नावं दरबारी असणारच, त्यात गैर काही नाही. गैर एवढंच झालं की पुढे सामाजिक कथेतही मुसलमान पात्र हवं झालं तेव्हा लेखकांच्या हाताशी हीच शिदोरी होती. खलनायक हवा असेल तर कुणीतरी खान, भला माणूस हवा असेल तर पांढऱ्या दाढीचा रहीमचाचा. यमूच्या घरापासून चार गल्ल्यांवर तिच्याच वयाची एखादी खतिजाबी राहत होती. तिला कुणी खतू म्हणून हाक मारत असेल, हे त्या कादंबरीला ऐकू आलं नाही.

माणदेशात ऐकू आलेली नावं

ते ऐकू आलं व्यंकटेश माडगूळकरांना. 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकातल्या दोन व्यक्तिचित्रांची शीर्षकं मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहिते : 'मुलाण्याचा बकस' आणि 'तांबोळ्याची खाला'.

पहिलं नाव घ्या. मूळ फारसी शब्द 'बख़्श', म्हणजे दिलेला, बहाल केलेला. अल्लाबख्श, खुदाबख्श, पीरबख्श अशा नावांचा तो शेवटचा तुकडा. माणदेशच्या तोंडात 'ख़्श' टिकला नाही, त्याचा झाला 'बकस'. पुढे 'मुलाण्याचा'. मुलाणी म्हणजे गावगाड्यातला माणूस. मशिदीची देखभाल करणारा, गावाची बकरी हलाल करून देणारा, बलुत्याचा वाटा घेणारा. दोन शब्दांत माणसाचा धर्म, त्याचं गावातलं स्थान, त्याचा धंदा आणि त्याला हाक मारणाऱ्या गावाची जीभ, सगळं आलं. शिवाय ही रचना बघा : 'मुलाण्याचा बकस'. 'पाटलाचा सदा' म्हणावं तशी. गाव त्याला आपल्याच व्याकरणात बसवतं.

दुसरं नाव त्याहून सुंदर आहे. खाला म्हणजे मावशी. ती तांबोळ्याच्या घरातली, आणि सगळ्या गावाची खाला. तिचं पाळण्यातलं नाव काय, हे गावाला सांगावं लागत नाही. उर्दू नात्याचा शब्द मराठी गावाच्या तोंडात बसला की तेच तिचं नाव होतं.

'बनगरवाडी'त (१९५५) मास्तराच्या अवतीभवती वावरणारा आयबू आहे. आयबू म्हणजे अय्यूब. अय्यूब अलैहिस्सलाम हे सब्र करणारे पैगंबर, बायबलमधले जॉब तेच. सगळं गेलं तरी तक्रार न करणाऱ्या माणसाचं हे नाव दुष्काळी मुलखातल्या एका साध्या पोराला लागलंय. माडगूळकरांनी हे मनात धरून केलं असेल किंवा नसेल. त्यांनी नाव कानांनी ऐकलं आणि तसंच कागदावर ठेवलं, एवढं नक्की. नाव खरं ऐकलं की अर्थ आपोआप पाठोपाठ येतो.

नावांची देवघेव

या मुलखात नावं एका बाजूनंच वाहिलेली नाहीत. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीचा नायक मांग समाजातला आहे आणि त्याचं नाव 'फकीर' या अरबी शब्दावरून आलेलं. मोहरमात पोराला फकीर करण्याचा नवस महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंदू घरांतही बोलला जायचा. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या कृपेची आठवण म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगितली जाते. तंजावरच्या भोसल्यांत तेच शरीफजी 'सरफोजी' होऊन पुढे चालत राहिले. दौलतराव, हैबतराव, साहेबराव, गुलाबराव ही नावं मराठ्यांच्या घराघरांत आहेत आणि ती फारसी-अरबी शब्दांवर उभी आहेत. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा. 'हैबत' हा शब्द अरबी. दरवर्षी लाखो वारकरी हे नाव आदरानं घेतात आणि ते परकं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. येऊही नये.

उलट दिशेनंही तेच. पेशवाईतला नामांकित लावणीकार सगनभाऊ जन्मानं मुसलमान, शिकलगार. 'सगन' या नावावरून ते कोण ओळखेल? मुलं जगत नसली की हिंदू घरात दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडेही दगडूभाई आणि कचरूभाई होतेच. मृत्यूला फसवण्याची ही युक्ती दोन्ही घरांत एकच होती.

कोकणात तर आडनाव ऐकून धर्म सांगताच येत नाही. परकार, मुकादम, चौगुले, खोत, सारंग. १९८० ते ८२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री असलेले अब्दुल रहमान अंतुले. 'इंधन' (१९६५) लिहिणारे हमीद दलवाई. दलवाई म्हणजे दळाचा प्रमुख. चिपळूणजवळच्या मिरजोळीतून आलेल्या या लेखकानं कोकणातलं मुसलमान घर आतून लिहिलं, तेव्हा मराठी कादंबरीतली ती रिकामी गल्ली थोडी भरली. दलवाईंच्या सुधारणावादी मतांवर आपल्यात दोन बाजू आहेत आणि राहतील. पण माणसं त्यांच्याच मातीत उभी करण्याचं त्यांचं काम मतभेदांपलीकडचं आहे.

उर्दूतल्या कथाकारांनी काय केलं

मराठीत ही पायवाट अरुंद राहिली. उर्दूत मात्र नाव ठेवणं ही पहिल्यापासून गंभीर कला होती. आपल्या दख्खनचंच उदाहरण घ्या. मुल्ला वजहीनं १६३५ मध्ये गोवळकोंड्याच्या दरबारात 'सबरस' लिहिलं. दखनी गद्यातलं हे मोठं पुस्तक. त्यातली पात्रं आहेत अक्ल, दिल, हुस्न, इश्क, नजर. तिथे माणसाला नाव नाही, नावालाच माणूस केलंय.

अडीचशे वर्षांनी डिप्टी नझीर अहमद यांनी ही पद्धत घरात आणली. 'मिरातुल उरूस' (१८६९) मध्ये दोन बहिणी आहेत, अकबरी आणि असगरी. अकबर म्हणजे मोठा, असगर म्हणजे लहान. मोठीला अक्कल कमी, धाकटीला जास्त. नावात वय आहे आणि त्याच नावात टोमणाही आहे. त्यांच्याच 'तौबतुन नसूह'मध्ये मिर्झा जाहिरदार बेग नावाचा माणूस येतो. जाहिरदारी म्हणजे वरवरचा देखावा. मागे मिर्झा, पुढे बेग, असा दोन्ही बाजूंनी खानदानी थाट, आणि मधे पोकळ देखावा. नाव वाचतानाच हसू येतं.

मिर्झा हादी रुसवांच्या 'उमराव जान अदा'त (१८९९) नाव ही शोकांतिकाच होते. फैजाबादच्या साध्या घरातली अमीरन पळवली जाते, लखनौच्या कोठ्यावर विकली जाते आणि तिथे तिची उमराव होते. 'अमीर' हे एकवचन आणि 'उमरा' हे त्याचं अनेकवचन. धातू तोच, थाट मोठा. नाव जसं भारी झालं तशी मुलगी स्वतःच्या हातातून निसटली. मुलं हा धडा कधी विसरत नाहीत, कारण सासरी नाव बदललेल्या बायका त्यांच्या शेजारीपाजारी असतात.

प्रेमचंदांनी हे सारं खेड्यात नेलं. 'पंच परमेश्वर'मधला जुम्मन शेख. जुम्मन म्हणजे जुम्म्याचा, शुक्रवारचा. आपल्याकडे सोमा, मंगळू, बुधा असतात तसाच. त्याचा दोस्त अलगू चौधरी. दोन्ही नावं एकाच मातीतली, त्यामुळे त्यांची मैत्री वेगळी सिद्ध करावी लागत नाही. 'ईदगाह' तर सगळ्यांना माहीत आहे. तीन पैसे घेऊन जत्रेला गेलेला आणि आजीसाठी चिमटा घेऊन आलेला हामिद. त्याच्या मित्रांपैकी एक महमूद, त्याच्याकडे बारा पैसे. अरबीत हामिद, महमूद, अहमद, मुहम्मद हे सगळे एकाच 'ह-म-द' या धातूतून येतात. अर्थ, स्तुती. एकाच मुळाची दोन पोरं, एकाकडे तीन पैसे, दुसऱ्याकडे बारा. हामिद यतीम आहे आणि त्याला सांभाळणाऱ्या आजीचं नाव अमीना. पैगंबरसाहेबही यतीम होते आणि त्यांच्या वालिदांचं नाव आमिना होतं. प्रेमचंद यावर एक अक्षर बोलत नाहीत. ज्याला कळतं त्याचा गळा दाटतो, ज्याला कळत नाही त्याचं गोष्टीत काही अडत नाही. नाव असं ठेवावं.

आणि मंटो. फाळणीनंतरच्या 'यजीद' या कथेत करीमदाद आपल्या नवजात मुलाचं नाव यजीद ठेवतो. करबलात हुसेन आणि त्यांच्या साथीदारांचं पाणी तोडणाऱ्या यजीदचं नाव मुसलमान आपल्या पोराला देत नाही. बायको हादरते. गावात तेव्हा चर्चा आहे की पलीकडून नदीचं पाणी बंद होणार. करीमदादचं म्हणणं असं की त्या यजीदनं पाणी बंद केलं होतं, हा ते खुलं करील. शत्रूचं नाव स्वतःच्या पोराला देऊन वैराचं चक्र उलटं फिरवायचं. अख्खी कथा एका नावाच्या बिजागरीवर फिरते.

हजेरीपटातला नकाशा

तुम्ही म्हणाल, उर्दूत हे जमतं, कारण लेखक आणि वाचक दोघांना ती नावं घरची. मराठी लेखकाला ही माहिती कुठून मिळणार? मी म्हणते, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेचा हजेरीपट उघडा. त्यात महाराष्ट्राचा नकाशा सापडतो.

आधी रचना. सातारा, सांगली, सोलापूरकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी मराठी पद्धत : अमुक तमुक तांबोळी, आतार, मुजावर, शिकलगार, बागवान, नदाफ, मोमीन, मणेर. मराठवाड्यात निजामी दफ्तराची सवय अजून दिसते : शेख अमुक शेख तमुक, सय्यद अमुक सय्यद तमुक. आडनाव पुढे, आणि तेही दोनदा. नुसत्या क्रमावरून पोराचं कुटुंब नदीच्या कुठल्या काठाचं, ते सांगता येतं.

मग दर्गे. नवसानं झालेल्या पोराला पीराचं नाव मिळतं. मिरजेच्या आसपास मीरासाहेब, कलबुर्गीच्या बाजूला बंदेनवाज, खुलदाबादच्या मुलखात बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन, नागपूरकडे ताजुद्दीन, कल्याणच्या पट्ट्यात मलंग. ज्या घरात ग्यारवी पाळली जाते तिथे दस्तगीर आणि मोहिद्दीन, आणि मोहिद्दीनचा गावात झालेला मोदीन. सुधारलेल्या, कडक अकीद्याच्या घरांत अशी नावं आता ठेवत नाहीत. म्हणजे बाप 'पीरमहंमद' आणि मुलगा 'अब्दुल्ला' असेल, तर त्या दोन नावांच्या मधे घरात एक मोठा वाद होऊन गेलाय. लेखकाला फुकट मिळालेली कथाच ती.

मग पिढ्या. आजी जैतुनबी, हुसेनबी, फातमाबी. आई मुमताज, शहनाज, परवीन, शबाना. मुलगी सानिया, जोया, इकरा, मिस्बाह. आजोबा महिबूब, बाबालाल, इब्राम. वडील जावेद, अस्लम, फिरोज. मुलगा अयान, रेहान, जैद. आजीच्या नावामागे गावाची हाक आहे, आईच्या नावात सिनेमाचा आणि उर्दू मासिकांचा वारा आहे, मुलीचं नाव मोबाइलवर अर्थ बघून ठेवलेलं आहे. म्हणजे सुरुवातीला मी ज्याला मुकं म्हटलं त्या 'सलीम'लाही वय आहे. तो आज बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुढचा आहे. २०२० सालातल्या कथेत शाळकरी पोराचं नाव सलीम दिसलं, की मला कळतं लेखकानं गेल्या तीस वर्षांत आमच्या गल्लीत चक्कर मारलेली नाही.

अब्दुलचं व्याकरण

एक गोष्ट शिक्षिकेच्या अधिकारानं सांगते. 'अब्दुल' हे पूर्ण नाव नाही. अब्द म्हणजे दास, 'उल' हा जोडणारा भाग. अब्दुल रहमान म्हणजे रहमानचा दास, अब्दुल करीम म्हणजे करीमचा दास. रहमान, करीम ही अल्लाहची नावं. कुणाला नुसतं 'अब्दुल' म्हणणं म्हणजे रामदासाला 'चा दास' म्हणून हाक मारण्यासारखं आहे. कुणाचा दास, हेच गळालं. अब्दुल्ला मात्र पूर्ण, कारण त्यात अल्लाह आहे.

आता व्यवहारात आम्हीही 'ए अब्दुल' म्हणतोच, भाषा व्याकरणाला विचारून चालत नाही. म्हणून पात्राच्या तोंडी ते चालेल. पण निवेदक जेव्हा त्याची ओळख करून देतो, किंवा मास्तर हजेरी घेतात, किंवा निकाहात काझी नाव पुकारतात, तेव्हा पूर्ण नाव यायला हवं. नुसता अब्दुल फक्त त्या कथेत शोभतो जिथे त्याला कुणी पूर्ण बघतच नाही. तेच सांगायचं असेल तर मग तेही खुबीनं सांगता येईल.

तसंच उच्चाराचं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. मराठी परंपरेनं त्यांचं नाव 'महंमद' असंच जपलं. कागदावर मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महमद अशी किती रूपं आहेत. यातलं एक शुद्ध आणि बाकीची अशुद्ध, असं मी मुलांना सांगत नाही. उर्दूच्या तासाला मूळ उच्चार शिकवते आणि मराठीच्या तासाला सांगते की आयबू, बकस, मोदीन, इब्राम हीही नावंच आहेत. ती बिघडलेली नाहीत, ती इथली झालेली आहेत.

एवढं काय अडलंय नावावाचून?

असं विचारणारेही भेटतात. त्यांना माझ्या वर्गातलं सांगते. मराठीच्या वहीत 'माझ्या मनातली गोष्ट' लिहायला दिली की आमच्या मोहल्ल्यातली मुलं राजू, सोनू, सुनील यांच्या गोष्टी लिहितात. तीच मुलं उर्दूच्या वहीत असलम आणि नाजिया लिहितात. कुणी तसं सांगितलेलं नसतं. मराठी गोष्टीत आपल्यासारखं नाव बसत नाही, हे त्यांनी पुस्तकं वाचून स्वतःच ठरवलेलं असतं. घरी, दारी, बाजारात मराठी बोलणारं दहा वर्षांचं पोर मराठीत गोष्ट लिहिताना आधी स्वतःचं नाव दाराबाहेर काढून ठेवतं. पुढे मोठं झाल्यावर घर भाड्यानं बघायला गेलं की हेच नाव दारात पुन्हा विचारलं जातं, आणि तिथेही त्यातून एकच गोष्ट ऐकली जाते. कथेतला वाचक आणि घराचा मालक दोघांच्याही कानांना एकाच सवयीनं घडवलंय. ही सवय मोडण्याचं काम कायदा थोडंफार करू शकेल. पण कान तयार करण्याचं काम साहित्याचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. तांबोळी, पिंजारी, मणेर अशी नावं दिली की माणूस पुन्हा जातीत आणि धंद्यात अडकणार नाही का? अडकवायचं ठरवलं तर अडकेल. पण आज किती कुलकर्णी गावाचं दफ्तर लिहितात? नाव भूतकाळ सांगतं, भविष्य नाही. शिकलगार आडनावाची मुलगी शस्त्रांना धार न लावता हातात शस्त्रक्रियेची सुरी घेते, तेव्हा नाव आणि काम यांच्या मधे जी जागा पडते तिथेच कथा असते. नाव पुसून टाकलं तर ती जागाच उरत नाही.

आणि पाळण्यातलं नाव माणसाला पुढे बदलताही येतं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल पुढे अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. 'अमर' संस्कृत, 'शेख' अरबी, मधे काही जोडावं लागलं नाही. या मराठी शाहिराचं नाव असं आहे, की ते कुठल्या एका बाजूला ओढून नेता येत नाही.

म्हणून आपल्यातल्या लिहिणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं साधं आहे. पात्र सुचलं की त्याच्या अकीक्याला जाऊन या. सातव्या दिवशी नाव कुणी ठेवलं? आजीनं दर्ग्याचं नाव धरलं होतं का? आईला कुठलं हवं होतं? मौलवीसाहेब काय म्हणाले? शाळेत मास्तरांनी ते कसं लिहिलं आणि शेजारच्या काकूंनी कसं हाकारलं? समजा यातून तयार झालं 'दस्तगीर बाबालाल मुलाणी'. पहिल्या शब्दात घरातली ग्यारवीची फातिहा आहे. दुसऱ्यात बापाची पिढी आणि गावाची माया आहे. तिसऱ्यात बलुतं, मशीद आणि सुरी आहे. क्रम पश्चिम महाराष्ट्राचा आहे. अजून गोष्टीचं पहिलं वाक्यही लिहिलेलं नाही, आणि माणूस मुसलमान आहे ही त्याच्याबद्दल कळलेली अनेक गोष्टींपैकी फक्त एक गोष्ट आहे. ज्या दिवशी मराठी वाचकाला हे नाव 'विष्णुपंत' इतक्याच सहजपणे वाचता येईल, त्या दिवशी दस्तगीरला कथेत स्वतःचा चांगुलपणा सिद्ध करत बसावं लागणार नाही. त्याला चुका करता येतील, प्रेम करता येईल, भावकीत भांडता येईल. बाकीच्या पात्रांना येतं तसं.